'अय्यो' लावलं की झाला मद्रासी?

नमस्कार मंडळी! "हिंदी सिनेमात मराठी माणूस कायम हवालदार, नाहीतर कामवाली बाई. असं का?" हा प्रश्न तुम्ही इतक्यांदा विचारलाय की आज बोलावंच लागेल. पण सुरुवात शेजाऱ्याच्या घरापासून, म्हणजे हिंदी सिनेमातल्या दाक्षिणात्य माणसापासून. आपल्यावरचा विनोद आपल्याला लगेच टोचतो, शेजाऱ्यावरच्या विनोदाला आपणच टाळ्या वाजवतो.

पडद्यावरचा ठरलेला साचा म्हणजे काय ते सांगत बसत नाही. लुंगी, कपाळावर गंधाचे पट्टे, नारळ. गोव्याचा ख्रिश्चन दिसला की हातात बाटली. झालं, पुढे.

खरी गोची बोलण्यात आहे. १९६८च्या 'पडोसन'मधले मेहमूदचे मास्टरजी घ्या, १९९०च्या 'अग्निपथ'मधला मिथुनचा कृष्णन अय्यर घ्या. अभिनयाबद्दल तक्रार नाही, मिथुनला त्यासाठी फिल्मफेअरही मिळालं. मुद्दा असा, की या पात्रांच्या हिंदीतल्या चुका येतात कुठून?

तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. म्हणून 'खाना'चं 'काना' होऊ शकतं. तमिळमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे हिंदीतली 'कुर्सी' बाई आणि 'पलंग' बुवा हे घोकावंच लागतं. या चुकांना कारण आहे. 'अय्यो' शब्दही खराच आहे हो, पण तुम्ही दर वाक्याला 'अगं बाई' म्हणता का?

बरं, 'मद्रासी' म्हणजे नेमका कुठला? तेलुगू आणि कन्नड लिपीत ख, घ यांना स्वतंत्र अक्षरं आहेत. मल्याळममध्येही आहेत, पण तिथे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतच नाही. म्हणजे 'वो आयी'मधली 'यी' मल्याळी माणसाला नव्याने शिकावी लागते. चार भाषांची माणसं चार ठिकाणी अडखळणार, आणि पडद्यावर चौघांना एकच 'अय्यो'!

आता आपली बाई. 'मेरेको जाने का है' हे सरळ 'मला जायचं आहे'चं हिंदी. 'मेरा पुस्तक' का? मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. असं काही लेखकाने कान देऊन टिपलेलं क्वचितच दिसतं. पदर खोचला, 'साब' म्हटलं, की पात्र तयार.

"मग 'मेरी कोम'मध्ये मणिपुरी बॉक्सरच्या भूमिकेत प्रियांका चोप्रा कशी चालली?" हाही प्रश्न येतो. तो नट निवडण्याचा प्रश्न, वेगळा आणि मोठा. त्याच्यावर स्वतंत्र व्हिडिओ.

रील करणाऱ्यांनो, पात्र लिहिताना आधी गाव ठरवा, मग मातृभाषा, मग तो हिंदी कुठे शिकला: शाळेत, पलटणीत, की दादरच्या बाजारात. त्यानंतर चुका फक्त दोन निवडा आणि शेवटपर्यंत त्याच ठेवा. पहिल्या प्रसंगात 'काना' आणि तिसऱ्यात खणखणीत 'खाना', असं झालं की सोंग उघडं पडतं. एक प्रसंग त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या माणसाशी, भराभर बोलू द्या. १९८१च्या 'एक दुजे के लिए'मध्ये कमल हासनचा वासू हिंदीत अडखळतो, पण तो बावळट वाटत नाही, कारण त्याचं तमिळ घर आपण पाहिलेलं असतं.

"विनोद विनोदासारखा घ्या" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतोय. शूटिंगच्या आधी संवाद एखाद्या तमिळ मित्राला फोनवर ऐकवा. तो हसला तर उत्तम. "हा कुठला म्हणायचा?" असं त्याने विचारलं, तर पुन्हा लिहायला बसा.