एव्हरग्रीनचा पट

प्राध्यापक मित्रहो, आपल्यापैकी अनेकांचा मे-जून प्रवेशाच्या धावपळीत जातो. गावोगाव फिरायचं, बारावी झालेल्या मुलांच्या घरी जाऊन पालकांशी बोलायचं, तुकडी वाचवायची. पट घसरला की कार्यभार घसरतो आणि कार्यभार घसरला की पद जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आज ज्या कॉलेजबद्दल बोलणार आहे ते फार लांब आहे, पण त्याची अडचण तुम्हाला परकी वाटणार नाही.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे. देशाची राजधानी असलेलं वॉशिंग्टन वेगळं, ते पूर्वेला. या राज्याची राजधानी ऑलिंपिया. शहराबाहेर, खाडीकाठच्या सुमारे हजार एकर रानात द एव्हरग्रीन स्टेट कॉलेज उभं आहे. कॉलेज सरकारी आहे. १९६७ साली विधिमंडळाने कायदा करून ते स्थापन केलं आणि तेव्हाचे गव्हर्नर डॅनियल इव्हान्स यांनी त्यावर सही केली. त्या राज्यात विसाव्या शतकात स्थापन झालेलं हे पहिलं चार वर्षांचं सरकारी कॉलेज. जुन्या संस्थांची आणखी एक प्रत काढू नका, काही नवं करा, अशी अपेक्षा सुरुवातीपासूनच होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे वाद झाले तेव्हा पुष्कळांना त्याचा विसर पडला. हे कॉलेज वेगळं निघालं ते कुणा प्राध्यापकांच्या हट्टामुळे नव्हे. राज्यानेच ते वेगळं मागितलं होतं.

पहिले अध्यक्ष चार्ल्स मॅककॅन. त्यांनी चार गोष्टी नकोत म्हणून सांगितल्या: विभाग नकोत, प्राध्यापकांच्या श्रेणी नकोत, सक्तीचे विषय नकोत आणि गुण नकोत. विद्यार्थी यायच्या आधी अठरा प्राध्यापकांना पूर्ण एक वर्ष फक्त आखणीसाठी दिलं गेलं. सरकारी पैशाने अठरा माणसं वर्षभर शिकवण्याचा विचार करत बसली, ही गोष्ट मला आजही थोर वाटते. १९७१ च्या शरद ऋतूत कॉलेज सुरू झालं.

मग तिथे शिकवतात तरी कसं? एक उदाहरण घेऊ. समजा विषय आहे नदी. एक परिस्थितिकीचा अभ्यासक, एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक साहित्याचा प्राध्यापक मिळून नदीवरचा एक कार्यक्रम आखतात. विद्यार्थी त्या सत्रात फक्त तोच कार्यक्रम घेतो, पूर्ण सोळा क्रेडिट्सचा. कधी तो एका सत्रात संपतो, कधी वर्षभर चालतो. त्यात व्याख्यानं असतात, प्रयोगशाळा असते, नदीकाठचं प्रत्यक्ष काम असतं आणि आठवड्याला एखाद्या पुस्तकावर गोल बसून चर्चा असते. महत्त्वाची गोष्ट अशी की शिक्षकसुद्धा त्या काळात दुसरं काही शिकवत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ परिस्थितिकीच्या तासाला विद्यार्थ्यांमध्ये बसतो, प्रश्न विचारतो, कधी त्याचं चुकतं. आपला शिक्षक दुसऱ्याचा विषय शिकताना विद्यार्थी रोज पाहतात. आंतरविद्याशाखीय हा शब्द आपण गेली काही वर्षं परिपत्रकांत वाचतो आहोत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे मेजर आणि मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आले, इतर विद्याशाखेचा एखादा विषय घेणं आलं. पण तो विषय विद्यार्थी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाकडून शिकतो आणि ती दोन माणसं एकमेकांशी त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. दोन विषय एकत्र आणायचे असतील तर आधी दोन शिक्षकांना एका खोलीत आणावं लागतं. एव्हरग्रीनने नेमकं तेवढंच केलं, आणि पूर्ण कॉलेजभर केलं.

हे पूर्ण कॉलेजभर करण्यामागे एक इतिहास आहे. शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर मायकलजॉन यांनी १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात असाच एक प्रयोग सुरू केला होता, तो १९३२ मध्ये बंद पडला. जोसेफ टसमन यांनी १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, तो पुन्हा करून पाहिला, तो १९६९ पर्यंत चालला. मोठ्या विद्यापीठाच्या पोटात असे प्रयोग जगत नाहीत, कारण शिक्षकाची बढती, पगार, प्रतिष्ठा सगळी मूळ विभागाच्या हातात असते आणि विभाग त्याला परत ओढून घेतो. एव्हरग्रीनच्या आखणीत मर्विन कॅडवॉलेडर होते, त्यांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून इथे विभागच ठेवले नाहीत. श्रेणीही नाहीत. प्रत्येकाचं पद एकच, अध्यापकवर्गाचा सदस्य.

आणि गुणांऐवजी काय? लेखी मूल्यमापन. सत्र संपताना शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल लिहितो: त्याने काय वाचलं, काय केलं, कुठे वाढला, कुठे अडला. विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो आणि शिक्षकाबद्दलही लिहितो. मग दोघं समोरासमोर बसून बोलतात. चार वर्षांनी हातात पडणारी गुणपत्रिका म्हणजे बऱ्याच पानांचा मजकूर असतो. प्रत्येकी पंचवीसेक विद्यार्थ्यांबद्दल असं मन लावून लिहायला किती वेळ लागत असेल याचा अंदाज, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासलेल्या माणसांना मी वेगळा द्यायला नको. शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थी खरोखर माहीत असल्याखेरीज हे जमतच नाही.

आता पटाकडे येऊ. २००९-१० च्या सुमारास या कॉलेजात साडेचार हजारांहून अधिक विद्यार्थी होते. २०२१ च्या आसपास ते दोन हजारांच्या घरात आले. निम्म्याहून अधिक पट गेला. सगळे बोट दाखवतात ते २०१७ कडे. त्या वर्षीच्या मे महिन्यात वंशभेदाच्या प्रश्नावरून कॉलेजात मोठं आंदोलन झालं, एका प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी घेरलं, त्याच्या चित्रफिती देशभर फिरल्या. बाहेरून धमक्या आल्या, कॉलेज काही काळ बंद ठेवावं लागलं, पदवीदानाचा समारंभही टॅकोमा शहरात हलवावा लागला. पुढे कॉलेजने त्या प्राध्यापकाशी आणि त्याच्या प्राध्यापक पत्नीशी पाच लाख डॉलरवर तडजोड केली. एका आमदाराने तर या कॉलेजचं खासगीकरण करावं असं विधेयक आणलं. त्या घटनेने कॉलेजच्या नावाला जबर धक्का बसला यात शंका नाही. पण घसरण तिच्या आधीच सुरू झाली होती. २००८ च्या मंदीनंतर राज्याने उच्च शिक्षणाचा पैसा कापला, फी चढली. देशभर कॉलेजात येणाऱ्यांची संख्या २०१० नंतर उतरत गेली. एव्हरग्रीनला मोठ्या संख्येने विद्यार्थी मिळायचे ते दोन वर्षांच्या सामुदायिक कॉलेजांतून, तिथेही गळती लागली. त्यावर करोना आला.

आणि एक कारण घरातलं होतं. ते कॉलेजवर प्रेम करणाऱ्या माणसांनी मान्य करायला हवं. कार्यक्रम दरवर्षी बदलायचे. पहिल्या वर्षी येणाऱ्या मुलीला तिसऱ्या वर्षी काय शिकता येईल, याचं उत्तर मिळत नसे. ज्या घरात आईवडील, काका, मामा सगळे शिकलेले आहेत, तिथल्या मुलाला हे स्वातंत्र्य वाटतं. ज्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी ती पहिलीच आहे, तिला ते धुकं वाटतं. तिच्या वडिलांनी विचारलं, 'पोरी, तू शिकतेस काय?' तर तिच्यापाशी सांगायला एक वाक्य हवं. सरकारी कॉलेजचं पहिलं कर्तव्य या मुलीशी आहे. तिला उत्तर न देणं ही कॉलेजची खरी चूक होती असं माझं मत आहे.

२०२१ मध्ये विधिमंडळाने राज्याच्या सार्वजनिक धोरण संशोधन संस्थेला एव्हरग्रीनचा पट का घटला याचा अभ्यास करायला सांगितलं. एखाद्या कॉलेजचं नाव घेऊन असा अभ्यास मागितला जातो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं असणार. कॉलेजने तोवर हालचाल सुरू केलीच होती. अभ्यासाचे ठरावीक मार्ग आखले गेले: मानसशास्त्र, पर्यावरण, व्यवसाय, कला. म्हणजे पहिल्या वर्षापासून पुढचं दिसू लागलं. सोळा क्रेडिट्सचा पूर्ण कार्यक्रम ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी छोटे, सुटे अभ्यासक्रम वाढवले, संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग होतेच. जॉन कारमायकेल अध्यक्ष झाल्यानंतर पट हळूहळू पुन्हा चढू लागला.

जुन्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना हे पाहून हळहळ वाटते. मार्ग आखले म्हणजे विभाग मागच्या दाराने आले, सुटे अभ्यासक्रम आले म्हणजे इतरांसारखंच झालं, असं ते म्हणतात. त्यांची भीती मला समजते, पण मी त्यांच्या बाजूचा नाही. गुण नसणं, सक्ती नसणं, ठरलेला रस्ता नसणं या सगळ्या गोष्टी एकाच वजनाच्या नाहीत. रस्ता आखून दिल्याने या कॉलेजच्या गाभ्याला धक्का लागत नाही. गाभा आहे तो दोन-तीन शिक्षकांनी मिळून शिकवण्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल लिहिण्यात.

आणि इथेच पटाचा प्रश्न वेगळ्या अंगाने समोर येतो. शिक्षकामागे पंचवीस विद्यार्थी धरले तर तीन शिक्षकांच्या कार्यक्रमाला पंचाहत्तर विद्यार्थी लागतात. पट घसरला की त्या कार्यक्रमाला चाळीसच येतात. मग दोन शिक्षक. पुढच्या वर्षी वीस येतात. मग एकच शिक्षक. सामूहिक अध्यापन बंद करा असा ठराव कुणी कधीच करत नाही, तरी ते संपतं. वेगळ्या शिक्षणावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी पटाकडे बाजाराची भाषा म्हणून तुच्छतेने पाहू नये असं मी म्हणतो ते यासाठी. साध्या, एकट्याने शिकवायच्या वर्गाला वीस मुलं पुरतात. या पद्धतीला जास्त लागतात.

म्हणून विद्यार्थी वाढवायलाच हवेत, पण ते आणायचे कुठून? याचं उत्तर कॉलेजच्या स्वतःच्या इतिहासातच आहे. मॅक्सीन मिम्स नावाच्या कृष्णवर्णीय प्राध्यापिका १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एव्हरग्रीनमध्ये होत्या. ऑलिंपियाला रोज येणं ज्यांना शक्य नाही अशा टॅकोमातल्या नोकरी करणाऱ्या स्त्रियांना त्यांनी आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती बसवून शिकवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये त्याची रीतसर टॅकोमा शाखा झाली. तिथे मोठ्या वयाचे, संसार आणि नोकरी सांभाळणारे लोक शिकतात. एकच कार्यक्रम दिवसाही आणि संध्याकाळीही चालतो, म्हणजे कामाची पाळी बदलली तरी शिक्षण सुटत नाही. पद्धत मात्र तीच: शिक्षक मिळून शिकवतात आणि लिहून मूल्यमापन करतात. त्या राज्यात २९ मान्यताप्राप्त आदिवासी राष्ट्रं, म्हणजे स्वतःचं शासन असलेल्या मूळ रहिवाशांच्या जमाती, आहेत. त्यांच्या वस्त्यांवर जाऊन शिकवण्याचा कार्यक्रम कॉलेजने १९८९ मध्ये सुरू केला. १९९५ मध्ये आवारात त्यांच्या परंपरेचं लाँगहाऊस, म्हणजे एकत्र जमण्याचं लांबट सभागृह, उभं राहिलं. पुढे सार्वजनिक प्रशासनाच्या पदव्युत्तर पदवीत आदिवासी शासनव्यवस्थेचा स्वतंत्र अभ्यास आला. यातल्या एकाही ठिकाणी नवे विद्यार्थी आणण्यासाठी पद्धत पातळ करावी लागली नाही. वेळ बदलली, जागा बदलली, टेबल बदललं.

कामगार, गृहिणी, नोकरदार यांच्यासाठी दार उघडायचं म्हणजे काय, हे आपल्याकडे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून दाखवलं आहे. पण मुक्त विद्यापीठात विद्यार्थी बहुतांशी एकटा वाचतो. टॅकोमात दिवसभर काम केलेली बाई रात्री वीस जणांबरोबर गोल बसून पुस्तकावर बोलते. दोन्ही गोष्टी लागतात. दुसरी आपण अजून फारशी करून पाहिलेली नाही.

आता दुसरं टोक पाहा. फ्लोरिडात न्यू कॉलेज नावाचं सरकारी कॉलेज आहे, तेही गुणांऐवजी लेखी मूल्यमापनासाठी ओळखलं जाणारं. स्थापना १९६० ची, १९७५ पासून सरकारी. २०२३ च्या आधी पट जेमतेम सातशेच्या आसपास होता. पट वाढवा म्हणून त्याच्यावरही वर्षानुवर्षं दबाव होता, २०२० मध्ये ते मोठ्या विद्यापीठात विलीन करायचा प्रस्ताव विधिमंडळात आला होता. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरने एका फटक्यात सहा नवे विश्वस्त नेमले, अध्यक्ष बदलले, अनेक प्राध्यापक सोडून गेले. मग खेळांचे संघ उभे केले आणि खेळाडू विद्यार्थी भराभर घेतले. आकडा वाढला. पण ज्यांच्यासाठी ते कॉलेज होतं, त्यातले पुष्कळ जण तोवर निघून गेले होते. पटाच्या तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही, तिथे फक्त एक संख्या वर गेलेली दिसते.

एव्हरग्रीनला आजवर अशा वेळी सांभाळून घेणारी माणसं मिळाली. सत्तरच्या दशकात हे कॉलेज बंद करा अशी मागणी विधिमंडळात होत होती, तेव्हा १९७७ मध्ये अध्यक्ष म्हणून आले ते डॅनियल इव्हान्स, स्थापनेच्या कायद्यावर सही करणारे माजी गव्हर्नर. ते रिपब्लिकन पक्षाचे होते. १९८३ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळलं आणि विधिमंडळापुढे कॉलेजची बाजू मांडत राहिले. हे कॉलेज राज्याने मागून घेतलं आहे, हे सांगायला त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता.

आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना आणि संस्थाचालकांना मी एवढंच विचारेन: पटाचा अहवाल मागता तेव्हा त्याच कागदावर आणखी दोन रकाने घाला. किती तास दोन शिक्षकांनी मिळून शिकवलं? आणि वर्गातल्या किती विद्यार्थ्यांबद्दल त्यांचा शिक्षक एक पानभर लिहू शकेल? दोन्ही गोष्टी मोजता येतात. पुढच्या जूनमध्ये तुमच्याच कॉलेजात, एकाच तुकडीपुरतं का होईना, हे करून पाहा. कसं करायचं याबद्दल प्रश्न असतील तर आता विचारा, आपल्याकडे वेळ आहे.