भोकांवर वाजणारी व्हायोलिनं

(दृश्य: अंधाऱ्या दालनात एक उंच लाकडी कपाट. दारं उघडतात.)

खाली पियानो, वरच्या कमानीत तीन व्हायोलिनं. वादक कुणीच नाही. यंत्र सुरू झालं, की आधी ऐकू येते भात्यांची धाप. मग पियानो, आणि त्यामागून व्हायोलिन.

हे फोनोलिस्ट व्हायोलिना. जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुडविग हुपफेल्ड कंपनीचं. 1910 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं होतं. आज ऱ्हाइनकाठच्या र्‍युडेसहाइम गावातल्या यांत्रिक वाद्यांच्या संग्रहालयात ते वाजताना ऐकायला मिळतं.

(दृश्य: गज, अगदी जवळून.)

व्हायोलिनच्या तारेवर घासायचा हा गज बघा. सरळ नाहीच, चक्क गोल कडं आहे. आतल्या बाजूला घोड्याच्या शेपटीचे तेराशेच्या आसपास केस ताणलेले. कडं व्हायोलिनांभोवती फिरत राहतं आणि ज्याची पाळी येते ते व्हायोलिन पुढे झुकून त्याला टेकतं. सूर संपला, की मागे सरतं. तिघांचीही एकेकच तार वाजते. कडं जोरात फिरलं की आवाज चढतो, मंदावलं की उतरतो. तारेवर बोटं पडतात तीही यंत्राचीच.

या बोटांना हुकूम देतो कागद.

(दृश्य: पितळी पट्टीवरून सरकणारी कागदाची गुंडाळी.)

पट्टीला ओळीनं बारीक भोकं, प्रत्येक भोकामागे एक नळी. कागदानं भोक झाकलेलं असेपर्यंत सगळं गप्प. कागदातलं भोक त्यावर आलं, की चिमूटभर हवा आत शिरते. एवढ्याशा हवेनं पियानोचा हातोडा हलायचा नाही. ती फक्त पातळ चामड्याची एक चकती उचलते. चकतीमुळे झडप उघडते, आणि एक छोटा भाता आतल्या निर्वात पोकळीला जोडला जातो. त्यातली हवा खेचली जाते, तो झटकन मिटतो आणि हातोडा तारेवर आदळतो.

म्हणजे हे सगळं चालतं हवा ओढून. आपली हार्मोनियम हवा ढकलते. संगीत नाटकांतल्या पायाने चालवायच्या ऑर्गनचा अमेरिकी प्रकार मात्र हवा ओढणारा. हे कपाट त्याच गोत्रातलं.

सूर थांबवायची युक्ती तर आणखी बारीक. कागदानं भोक पुन्हा झाकलं, की नळीत अडकलेली हवा टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून शोषली जाते आणि चकती खाली बसते. त्या छिद्रात धूळ बसली, की सूर अडकलाच. बाकी गाणं पुढे जातं, हा एकटा कोकलत राहतो! दुरुस्ती करणाऱ्याचे दिवसचे दिवस अशी छिद्रं साफ करण्यात जातात.

कागदाआधी हे काम लाकडी रूळ करायचे, अंगभर पितळी खिळे ठोकलेले. नवी धून हवी तर नवा, चांगलाच जड रूळ. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या, यांत्रिक वाद्यं बनवणाऱ्या वेल्टे घराण्यातल्या एमिल वेल्टे यांनी 1883 मध्ये कागदी गुंडाळीचं पेटंट घेतलं, आणि लांबलचक संगीत काखोटीला मारून नेता येऊ लागलं. पुढे रेडिओ आला, ग्रामोफोनचा आवाज सुधारला, आणि ही कपाटं अडगळीत गेली.

(दृश्य: गुंडाळी संपत आली आहे.)

शेवटच्या सुरानंतर कागदात आणखी एक भोक येतं. त्याला सूर नाही. व्हायोलिनं मागे सरतात, आणि गुंडाळी उलटी फिरू लागते.