जुना ट्रॅक्टर सुरू करायचाय? स्प्रे ठेवा बाजूला, आधी हवा काढा

राम राम मंडळी.

नवरात्र जवळ आलं की मला एकच प्रश्न यायला लागतो. "दादा, आजोबांचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे, खंडेनवमीला पूजेपुरता तरी सुरू करायचाय, काय करू?" यंदा तर लोकांनी फोटो पाठवलेत. कोणाच्या एचएमटीच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलीये, कोणाच्या बी-२७५ च्या आडोशाला सरपण रचलंय. एका ताईंच्या फोटोत आयशरच्या बॉनेटवर गोधड्या वाळत घातल्यात. हे फोटो बघून मला मनापासून आनंद होतो. गोधड्या वाळत घाला, काही हरकत नाही, पण तो भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला नाही हे फार झालं.

तर आज सुरू कसा करायचा ते सांगतो. आधीची तयारी भराभर सांगतो, ती तुम्हाला येतेच. इंजिन ऑइल बदला. रेडिएटर असेल तर त्यात पाणी भरा. एअर क्लिनरचं भांडं काढून धुवा, उंदरांनी आत घर केलेलं असतं. सायलेन्सरवर डबा पालथा घातलेला असेल तर तो काढा. बॅटरीची टर्मिनलं घासा. टाकीच्या तळाचं जुनं डिझेल काढून टाका, त्यात पाणी उतरलेलं असतं. डिझेल फिल्टर नवे बसवा. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर इथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. गिअर न्यूट्रलला. आणि इंजिन बंद करायची जी दांडी असते, ती आत ढकललेली आहे ना, ते बघा. बाहेर ओढलेली राहिली तर पंप डिझेल सोडणारच नाही.

झालं. आता खरा विषय. हवा.

फिल्टर बदलला, टाकी रिकामी झाली किंवा ट्रॅक्टर वर्षभर नुसता उभा राहिला, की डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. आपण म्हणतो ना, "ट्रॅक्टरने हवा धरलीये." मग तुम्ही सेल्फ मारत बसता. इंजिन फिरतं, सायलेन्सरमधून धूर मात्र येत नाही. धूर नाही याचा अर्थ डिझेल नोझलमधून, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीतून, बाहेरच पडत नाहीये. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मं निदान झालं.

असं का होतं, ते नीट ऐका. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापते की तिच्यात डिझेलची फवारणी झाली की ते आपोआप पेटतं. ती फवारणी करायला नोझल उघडावं लागतं, आणि नोझल उघडायला शंभराच्या वर वातावरणाचा दाब लागतो. डिझेल द्रव आहे, ते दाबलं तरी फारसं दबत नाही, म्हणून पंपाने दिलेला धक्का सगळाच्या सगळा नोझलपर्यंत पोचतो. लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असला, की धक्का त्या बुडबुड्यातच जिरतो. बुडबुडा दबतो, परत फुगतो, दबतो, परत फुगतो. नोझल बंदच. तुम्ही सेल्फ मारा नाहीतर नारळ फोडा.

(इथे फिल्टरचा क्लोजअप)

हा फिल्टर. याच्या डोक्यावर हा छोटा बोल्ट दिसतोय? हा हवा काढायचा बोल्ट. आणि हा खाली फीड पंप, टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणारा. याला हाताने मारायची दांडी आहे. काही पंपांना दांडीऐवजी वर गोल मुठीचा दट्ट्या असतो, तो आटे फिरवून मोकळा करायचा आणि वरखाली मारायचा.

लहानपणी आमच्या घरी ही दांडी मारायचं काम माझ्याकडे होतं. आबा बोल्टवर पाना धरून बसायचे आणि मी खाली वाकून दांडी मारायचो. बोल्ट दीड-दोन आटे ढिला केला की आधी नुसता "फस्स" आवाज. मग बोल्टच्या बाजूने पांढरट फेस यायचा. मग फेसात डिझेल, मधेच थुंकल्यासारखं. मी विचारायचो, "आबा, झालं?" आबा म्हणायचे, "मार अजून." मग एका क्षणी फेस संपायचा आणि डिझेलची अखंड, पारदर्शक धार बोल्टच्या कडेने ओघळायची. तरी आबा थोडं थांबायचे. आणि मग, आता हे नीट ऐका मंडळी, मी दांडी मारत असतानाच, धार चालू असतानाच, आबा बोल्ट आवळायचे. दांडी थांबवली तर ओरडायचे.

सगळी गोम इथेच आहे. बोल्ट आवळायचा तो धार चालू असताना. नव्वद टक्के लोक काय करतात? धार आली की "आली, आली" म्हणून दांडी सोडतात, हात पुसतात आणि मग पाना शोधतात. तेवढ्या वेळात डिझेल खाली बसतं आणि ढिल्या बोल्टच्या आट्यातून हवा परत आत. मग कमेंट येते, "दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, तरी होत नाही." हवा काढली खरी तुम्ही, पण परत आत घेतलीत. एकटे असाल तर एका हाताने दांडी, दुसऱ्या हातात पाना. जमत नसेल तर घरातलं कोणी तरी बोलवा.

आता क्रम. टाकीकडून इंजिनाकडे, कधीच उलट नाही. आधी फिल्टर. दोन फिल्टर असतील तर टाकीजवळचा पहिला, मग दुसरा. मग नोझलला दाबाने डिझेल देणारा जो मोठा पंप असतो, त्याच्यावरचा बोल्ट. सगळ्यात शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट. ते ढिले करून सेल्फ मारायचा, नटापाशी डिझेल टपटपायला लागलं की आवळायचे. तिथे बोट लावायचं नाही. नट फक्त ढिला करायचा, नळी काढून तोंड आपल्याकडे करायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आतून हात जातो. तसं झालं तर हळद लावून बसू नका, लगेच दवाखाना.

आणखी एक. दांडी मारताना ती पोकळ लागत असेल, हाताला जोरच लागत नसेल, तर पंप खराब आहे असं समजू नका. आतला कॅम वर आलेला असतो, त्याने पंप आधीच दाबून धरलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, दांडीला जोर लागायला लागेल. या एका गोष्टीसाठी किती जणांनी नवे फीड पंप आणलेत, मला कमेंटमधून कळतं आणि वाईट वाटतं.

आता त्या स्प्रेवाल्या कमेंट. "दादा कशाला एवढं, एअर क्लिनरमध्ये स्प्रे मारा, एका सेल्फमध्ये सुरू." या कमेंटला लाइक पण पडतात. मंडळी, स्प्रेमध्ये ईथर असतं. ते डिझेलच्या कितीतरी आधी पेटतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट होतो. पिस्टन फुटतो, रिंगा तुटतात. हीटर प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारा) असलेल्या इंजिनात तर अजिबात मारायचा नाही. आणि हवा काढलेलीच नसेल तर इंजिन स्प्रेवर चार ठोके मारतं आणि बंद पडतं, कारण नोझलमधून डिझेल अजूनही येत नाहीये! रोग हवेचा, इलाज हवा काढण्याचा. शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढायचं म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो. ओढून इंजिन फिरेल, नोझल उघडणार नाही.

एकाने विचारलंय, एवढ्या जुन्या यंत्रासाठी एवढी माया कशाला. सांगतो. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि मूळ इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा बी-२७५ आपल्या कांदिवलीत बनायला लागला. १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला, चेकोस्लोव्हाकियातल्या झेटर ट्रॅक्टरच्या तंत्रावर, एचएमटी. १९७४ ला स्वराज ७२४, ज्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनिअरांनी केला. ज्या घरांत बैलाच्या चार जोड्या लागायच्या, तिथे ही यंत्रं आली आणि रब्बीची नांगरट वेळेत व्हायला लागली. हीच ती पिढी जी तुमच्या शेडमध्ये उभी आहे. पिंजोरचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, म्हणजे एचएमटी आता नवा मिळायचा नाही.

आणि आमच्यासारख्यांना त्यांचे आवाज पाठ आहेत. आयशर एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा, रेडिएटरच नाही. त्याचा ठोका सुटा सुटा मोजता यायचा. एचएमटी २५११ दोन सिलिंडरचा. मॅसी १०३५ तीनचा, बी-२७५ चारचा, त्याचा आवाज सलग. रात्री नांगरट चालू असायची तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं, कोणाचं रान चाललंय आणि नांगर खडकाला लागलाय का. आवाज दबला की आई उठून बसायची. परत मोकळा झाला की झोपायची.

पण एका बाबतीत मी आठवणींच्या बाजूने नाही. पंखावर, म्हणजे मडगार्डवर, मुलांना बसवायचं. "आम्ही बसलो, काय झालं?" या कमेंट मला अजिबात आवडत नाहीत. जे पडले ते कमेंट करायला नाहीत. या जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर वाचवणारी चौकट नाही. ज्या १९५९ मध्ये आपल्याकडे पहिला आयशर बनला, त्याच वर्षी स्वीडनने नव्या ट्रॅक्टरला अशी चौकट सक्तीची केली होती. पूजेनंतर पोरांना सीटवर बसवून फोटो काढा, इंजिन बंद करून. चालू ट्रॅक्टरवर चालवणारा एकटाच.

परत हवेकडे येतो, कारण अर्ध्या लोकांचा प्रश्न हा आहे: "हवा काढली, सुरू झाला, दहा मिनिटांनी बंद पडला." याचा अर्थ हवा कुठून तरी अजून आत येतेय. कुठून? टाकी ते फीड पंप या भागातून. तिथे पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे बारीक फट असली तरी डिझेल गळत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि लोक फसतात. फीड पंपाच्या पुढे फट असेल तर चालू इंजिनात डिझेल गळताना दिसेल.

बघायच्या जागा: नळीच्या टोकाचे तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या काचेच्या वाटीखालचं रबर, टाकीचा कॉक, आणि ती प्लास्टिकची नळी जी कोणी तरी घाईत बसवलेली असते. तांब्याचा वॉशर एकदा दबला की दबला. जुनाच परत लावायचा असेल तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ होतो. नवा मिळत असेल तर नवाच लावा. आणि दट्ट्यावाला पंप असेल तर हवा काढून झाल्यावर दट्ट्या परत आटे फिरवून घट्ट बसवलाय का? तो मोकळा राहिला तर तिथूनच हवा ओढतो. दहा मिनिटांनी बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये मी आधी तिथेच हात लावतो.

एवढं करूनही नाही झाला, तर कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: ट्रॅक्टर कुठला, फीड पंप दांडीचा की दट्ट्याचा, आणि सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो की नाही. नुसतं "दादा होत नाही" लिहिलंत तर मला काही सांगता येणार नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे त्याला गार होऊ द्या. आणि सुरू झाला की लगेच बंद करून हार घालायची घाई करू नका, अर्धा तास चालू द्या, ऑइलचा काटा बघा, बॅटरी थोडी भरू द्या. हार बंद झाल्यावर घाला, पंख्याजवळ झेंडूची माळ लोंबकळत ठेवू नका.