पाणी फार गार असतं

नमस्कार श्रोतेहो.

पोहायला का शिकली नाहीस, असं विचारलं की लगेच सायनसचं नाव सांगणारी एक बाई माझ्या चांगली ओळखीची आहे. ती मीच.

माझं माहेर विहिरींचं. मे महिन्यात गावातली पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उतरायची आणि सुट्टी संपायच्या आत डबा सोडून मुटके मारायची. माझे भाऊ असेच शिकले. मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचे. लग्नानंतर शहरात आले, तर घरापासून दहा मिनिटांवर नगरपालिकेचा तलाव! पंचवीस वर्षं तिकडे फिरकले नाही. आधी सायनस होतं. मग क्लोरीननं केस जातात असं कळलं. मग मुलांच्या परीक्षा, मग सासूबाईंचं पथ्यपाणी.

एकदा नणंदेनं विचारलं, "वहिनी, क्लोरीन नसलेला तलाव शोधून दिला तर येशील?"

मी ताबडतोब म्हणाले, "गुडघे दुखतात गं."

ती हसली, आणि मी तिथंच पकडले गेले. कारणं बदलत होती, नकार तेवढा तोच होता. तेव्हापासून मला ही खूण फार उपयोगी पडते. एक अडचण दूर केल्यावर दुसरी लगेच हजर झाली, तर ती अडचण नसते, भीती असते. ती स्वतःच्या नावानं येतच नाही. तब्येत, काटकसर, जबाबदारी अशी भल्या घरची नावं सांगून येते. आमचे शेजारचे काका मोबाइलवरून पैसे देत नाहीत. म्हणतात, "रोखीचा व्यवहार बरा." खरं म्हणजे भाजीवाल्यासमोर बोट चुकेल आणि मागची माणसं खोळंबतील, याचा त्यांनी धसका घेतलाय.

माझी भीती बुडण्याची असावी, असं मला वाटायचं. पण उथळ बाजूला पाणी कमरेएवढं. तिथं बुडायचं म्हटलं तरी मेहनत लागेल! खरी भीती होती ती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रबरी टोपी घालून सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहण्याची. आणि तो पोहण्याचा पोशाख. त्याबद्दल तर मी नणंदेशीही बोलले नव्हते.

1978 साली स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सुटणारे, तर काहींना न सुटणारे प्रश्न दिले आणि वर सगळ्यांनाच सांगितलं, 'छान सोडवलेत.' मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधं पुढे ठेवली. एकानं डोकं तल्लख चालेल, दुसऱ्यानं मंद होईल, असं सांगून. पहिलं यश कशानं मिळालं हेच ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या बऱ्याच तरुणांनी मंद करणारं औषध उचललं. म्हणजे नापास झालो, तर दोष औषधाचा! आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं तर नाच सुरू व्हायच्या आधीच पहार घेऊन अंगण वाकडं करून ठेवलं होतं. वाचलं आणि मला माझं सायनस आठवलं.

शेवटी गेले. दुपारची बायकांची बॅच. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "मावशी, हात-पाय नंतर. आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढा." चार दिवस मी कठड्याची दांडी धरून फक्त बुडबुडे काढले. पाय मारायला लागले तेव्हा मान सारखी वर जायची. ती ओरडायची, "डोकं वर काढलं की पाय खाली जातात, मावशी!" आणि खरंच जायचे. बुडू नये म्हणून मी जे करत होते, त्यानंच बुडत होते.

आणि लोक? शेजारची बाई स्वतःच्या नाकातलं पाणी काढण्यात गुंतली होती. माझ्या पोशाखाकडे बघायला तिला सवड कुठली!

आता उथळ बाजूला रुंदीनं आरपार जाते. खोल बाजूला मात्र अजून गेलेले नाही. नणंद विचारते, तेव्हा मी सांगते, तिकडचं पाणी फार गार असतं.

नमस्कार.