साखर तीच, हाक हळू

(दृश्य: पारदर्शक पेटीत ठेवलेला हात)

हा हात एका बाईचा आहे. रक्तातली साखर उतरली की बाईचं आणि पुरुषाचं शरीर सारखंच सावरतं का, हे बघायच्या प्रयोगात तिनं भाग घेतलाय. हात शेकायला ठेवलेला नाही. पेटीतली हवा ५५ अंशांच्या आसपास तापवली आहे. हात गरम राहिला की त्याच्या शिरेतलं रक्त जवळजवळ धमनीतल्या रक्तासारखं होतं. साखरेचा आकडा भरवशाचा मिळतो आणि धमनीत सुई घालायची वेळ येत नाही.

दुसऱ्या हाताला दोन पंप जोडलेत. एकातून इन्सुलिन जातंय, ठरलेल्या वेगानं. दुसऱ्यातून २० टक्के ग्लुकोज, आणि त्याचा वेग दर पाच मिनिटांनी बदलतोय. थोडं रक्त काढायचं, यंत्रात घालायचं, आकडा बघायचा, पंप कमीजास्त करायचा. की पुन्हा रक्त. साखर उतरू द्यायची, पण हव्या त्या पायरीवर अडवून धरायची. या पद्धतीला क्लॅम्प म्हणतात. १९७९ साली डीफ्रॉन्झो, टोबिन आणि आंद्रेस यांनी ती सविस्तर मांडली. त्यानंतर पंप आणि यंत्रं सुधारली; माणसाला तासन् तास पडून राहावं लागतं, ते तसंच राहिलं.

(दृश्य: यंत्रावरचा आकडा)

९०. ८०. आता ७०, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅम साखर. साधारण इथून खाली आलं की शरीर स्वतःहून हालचाल करतं. स्वादुपिंडातून ग्लुकागॉन सुटतं आणि यकृतात साठवलेली साखर बाहेर काढायला लावतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात. छातीत धडधड होते, हात कापतात. ग्रोथ हॉर्मोन आणि कॉर्टिसॉल यांचं काम संथ, त्यांचा परिणाम काही तासांनी दिसतो.

साखर उतरली की ॲड्रिनॅलिन सुटतं, हे १९२४ साली हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी दाखवलं. इन्सुलिन औषध म्हणून वापरात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. रक्तातलं ॲड्रिनॅलिन थेट मोजायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मांजराच्या हृदयाकडे जाणारे मज्जातंतू कापले. असं हृदय मेंदूचं ऐकत नाही, त्याला फक्त रक्तातून आलेला निरोप कळतो. इन्सुलिन टोचलं, साखर उतरली आणि ते हृदय जोरात धावू लागलं. ॲड्रिनल ग्रंथी निकामी केल्या, तेव्हा धावलं नाही. मांजराचे हाल झालेच, पण हृदयालाच मोजयंत्र करायची युक्ती मात्र अफाट होती.

(दृश्य: गुडघ्याखालची सुई, मग पडद्यावरची रेघ)

आता हा प्रकार बघा. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. त्यात केसासारखी बारीक टंगस्टनची सुई सरकवलीय. स्वीडनमधल्या उप्सालात हागबार्थ आणि वाल्बो यांनी १९६०च्या दशकात ही कला विकसित केली. सुई जरा इकडेतिकडे करत राहायचं, योग्य तंतू सापडेपर्यंत. स्पीकरमधून येणारी खरखर ऐकताय? ती नाडीच्या तालावर येते. तंतू हवा तोच आहे ना, याची परीक्षा सोपी. तिला श्वास रोखायला सांगतात, खरखर वाढते. अचानक मोठा आवाज केला तर काही फरक पडत नाही. दोन्ही जमलं की पुढे जायचं. हा सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा, म्हणजे संकटात शरीराला सावध करणाऱ्या मज्जातंतूंचा आवाज आहे, मेंदूनं खाली पाठवलेल्या हुकमाचा.

साखर आता ५२ वर धरलीय. खरखर दाट होत चाललीय.

(दृश्य: बर्फात उभ्या केलेल्या नळ्या)

या नळ्यांमध्ये हॉर्मोनचा हिशेब आहे. ग्लुकागॉन फार नाजूक, उशीर झाला की मोडतं; म्हणून बर्फ आणि घाई.

१९९३ साली अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि लंडन इथल्या दोन गटांनी निरोगी स्त्री-पुरुषांमध्ये हे मोजलं. साखर तेवढीच उतरवलेली, तरी ॲड्रिनॅलिन स्त्रियांमध्ये कमी सुटलं. मग नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात स्टीफन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी साखर पायरीपायरीनं उतरवली, म्हणजे कोण कुठल्या आकड्यावर जागं होतं ते कळावं. स्त्रिया उशिरा जाग्या होतात का? २००० साली उत्तर छापून आलं: नाही, आकडा दोघांचा सारखाच. घंटा एकाच वेळी वाजते, फक्त बाईच्या शरीरात हळू वाजते. ॲड्रिनॅलिन कमी, ग्लुकागॉन कमी, आणि त्या सुईतून ऐकू येणारी खरखरही कमी. म्हणजे कसर ग्रंथीत नाही, हुकूमच मेंदूकडून हलका सुटतो.

इतक्या उशिरा का कळलं? अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं १९७७ साली, मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या पहिल्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं होतं. तो दंडक १९९३ साली उठला. क्लॅम्पच्या अभ्यासाला हा नियम थेट लागू नव्हता, पण वारं त्याच दिशेचं होतं. पाळीमुळे आकडे हलतात, मग पुरुषच बरे. आकडे हलतात म्हणून तर मोजायचे ना!

संशय इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनवर होता. २००३ साली व्हँडरबिल्टच्याच गटानं पाळी गेलेल्या स्त्रियांचे दोन गट तपासले, इस्ट्रोजेन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या. घेणाऱ्यांमध्ये ॲड्रिनॅलिन आणि ग्लुकागॉन कमी. न घेणाऱ्यांचा प्रतिसाद पुरुषांच्या जवळ गेलेला.

पण एका ठिकाणी पारडं उलटं झुकतं. आदल्या दिवशी साखर उतरून गेलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पुरुषाचा प्रतिसाद चांगलाच मंदावतो, बाईचा तितका नाही. दोघांमधलं अंतर तिथे जवळपास मिटतं.

(दृश्य: सुया काढताना, मग जेवणाचं ताट)

टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, तो असलेल्यांमध्येही स्त्री-पुरुषांतला हा फरक दिसला आहे. दवाखान्यातला सल्ला मात्र दोघांना एकच: ७०च्या खाली गेलात तर १५ ग्रॅम साखर घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तो पाळायचाच.