धूर गेला, पण दारू नासू लागली

(दृश्य : काळ्या दारूची जुनी तोफ उडते. पडदाभर पांढरा धूर.)

सोरा, गंधक आणि कोळसा. आपल्या किल्ल्यांवरच्या दारूकोठारांत साठवलेली दारू हीच, आणि नेपोलियनच्या तोफांतली दारूही हीच. ती पेटली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तो बारीक घन कणांच्या रूपात उरतो. त्यातला काही नळीच्या आत काळ्या, ओलसर थरासारखा चिकटतो, आणि बाकीचा धूर होऊन हवेत पसरतो. पाच-दहा फैरींनंतर सैनिकाला समोरचं दिसेनासं होतं. शत्रूला मात्र तो नेमका कुठे बसला आहे, हे कळतं.

मग अशी दारू हवी, जी जळून सगळीच्या सगळी वायू होईल. कल्पना सोपी होती. ती हातात यायला चाळीस वर्षं लागली, आणि हाती आल्यावरही निम्मं काम बाकी होतं.

(दृश्य : कापसाचा पुंजका. शेजारी काचेचं भांडं.)

१८४६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन शोनबाइन यांनी आम्लांच्या मिश्रणातून काढलेल्या कापसाची शक्ती जगाला दाखवली. दिसायला साधा कापूस, हाताला थोडा खरखरीत, आणि पेटला की मागे राखही नाही. गनकॉटन हे नाव तेव्हाच पडलं. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना वाटलं, काळ्या दारूचे दिवस संपले.

दुसऱ्याच वर्षी, जुलै १८४७ मध्ये, इंग्लंडमधल्या फेव्हरशॅमचा गनकॉटनचा कारखाना उडाला. जवळजवळ वीस माणसं गेली. ऑस्ट्रियाने तोफखान्याचे अधिकारी फोन लेंक यांच्या देखरेखीखाली आणखी काही वर्षं चिकाटीने प्रयत्न केले. तिथलीही कोठारं उडाली, आणि १८६५ मध्ये त्यांनी हा नाद सोडला.

चुकत होतं ते दोन ठिकाणी. कापसाचा धागा आतून पोकळ असतो. त्या पोकळीत आम्लाचा अंश अडकून राहतो, आणि वरवर कितीही धुतलं तरी तो निघत नाही. हेच उरलेलं आम्ल महिनोन्‌महिने आतून धागा कुरतडत राहतं. दुसरी अडचण जळण्याची होती. मोकळा कापूस सच्छिद्र असतो. ज्वाला त्याच्या आत शिरते आणि सगळा एकदम पेटतो. गोळीला मागून ढकलणारा रेटा हवा असतो, इथे बसायचा तो घणाचा घाव. त्याने नळी फुटायची.

पहिल्या चुकीवर उपाय काढला इंग्लंडच्या फ्रेडरिक एबल यांनी, १८६५ मध्ये. त्यांनी कागद गिरणीतलं यंत्र वापरलं. चिंध्यांचा लगदा करणारं हे यंत्र पाण्याखाली धागे बारीक कापतं. धागा कापला गेला की पोकळीचं तोंड उघडतं, आणि मग धुण्याला अर्थ येतो. या सगळ्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा शोध हा आहे. त्यात नवं रसायन काही नाही. घाण कुठे दडते, हे ओळखून केलेली ती सफाई आहे.

(दृश्य : पातळ, करड्या चकत्या. जवळून.)

दुसऱ्या चुकीवर उपाय पॅरिसमध्ये निघाला. १८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी गनकॉटनचा धागा विद्रावकाने पार मोडून टाकला. उरला तो शिंगासारखा घट्ट, एकजीव पदार्थ, आणि त्याच्या पातळ चकत्या. आता ज्वालेला आत शिरायला छिद्रच नव्हतं. पदार्थ फक्त पृष्ठभागावरून, थराथराने जळू लागला. चकती जाड केली तर जास्त वेळ जळते, पातळ केली तर पटकन संपते. म्हणजे दारूचा वेग आता मोजपट्टीने ठरवता येऊ लागला.

हीच ‘पूद्र बी’. तिच्यासाठी फ्रान्सने १८८६ मध्ये आठ मिलिमीटरची लेबेल रायफल आणली. त्याआधीची रायफल अकरा मिलिमीटरची होती. दारू जोरकस झाल्यामुळे गोळी बारीक करता आली. वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या वर गेला, आणि तोच सैनिक तेवढ्याच वजनात जास्त काडतुसं बाळगू लागला. शेजारच्या प्रत्येक देशाची रायफल एका वर्षात जुनी ठरली.

आल्फ्रेड नोबेल तेव्हा पॅरिसमध्येच राहत होते. १८८७ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली : नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक तेल आणि नायट्रोसेल्युलोज (गनकॉटन याच पदार्थाची एक जात) साधारण समप्रमाणात, जोडीला कापूर. एकट्याने दोन्हीही बेभरवशाची, पण एकत्र मुरली की कातरता येईल असा पदार्थ होतो. त्याचं नाव बॅलिस्टाइट. उणीव कापराची होती. आपल्या देवघरातल्या डबीत कापूर जसा हळूहळू उडून जातो, तसाच तो दारूतूनही उडतो, आणि मग दारूचं वागणं बदलतं.

इंग्लंडने बिनधुराच्या दारूसाठी नेमलेल्या समितीत एबल आणि जेम्स ड्यूअर होते. नोबेल त्यांना आपल्या कामाची माहिती देत होते. १८८९ मध्ये या दोघांनी स्वतःच पेटंट घेतलं. कापूर वगळला, नायट्रोसेल्युलोजची जात बदलली आणि व्हॅसलीन घातलं. नोबेल कोर्टात गेले. वाद त्यांच्या पेटंटमधल्या नायट्रोसेल्युलोजच्या वर्णनातल्या ‘विद्राव्य’ या एका शब्दावर अडकला, आणि १८९५ मध्ये ते हरले. कायद्याच्या शब्दांत निकाल बसतो. पण कल्पनेचं श्रेय नोबेल यांचंच होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : तपकिरी, चकचकीत काड्यांची जुडी. बाजूला कापून दाखवलेलं काडतूस.)

ही दारू सोऱ्यातून शेव पाडावी तशी तारेच्या आकारात काढत. कॉर्ड म्हणजे दोरी, म्हणून नाव कॉर्डाइट. पहिल्या जातीत शंभरात ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग व्हॅसलीन होतं. युद्धनौकेच्या मोठ्या तोफेसाठी बोटाएवढ्या जाड कांड्या असत, तर रायफलसाठी जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या काड्या.

हे थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस पाहा. आत साठेक काड्या उभ्या आहेत. सगळ्यांचं मिळून वजन सुमारे दोन ग्रॅम. पुंगळीची मान अरुंद आहे, मग एवढी जुडी आत गेली कशी? ती गेली तेव्हा पुंगळीला मान नव्हतीच. सरळ नळीसारख्या पुंगळीत आधी जुडी बसवायची, वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, आणि नंतर भरलेल्या पुंगळीचं तोंड दाबून अरुंद करायचं. म्हणूनच चालवलेल्या पुंगळीत पुन्हा कॉर्डाइट भरणं कोणाला सहज जमत नसे.

व्हॅसलीन घातलं होतं नळीला वंगण म्हणून. ते काम त्याने फारसं केलं नाही. पण त्याच्यामुळे कॉर्डाइट टिकतं, हे पुढे लक्षात आलं. दारू विघटित होताना नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, आणि तेच पुढच्या विघटनाला चालना देतात. व्हॅसलीनमधली काही द्रव्यं हे ऑक्साइड जागच्या जागी शोषून घेतात. चुकीच्या कारणासाठी घातलेली वस्तू अचूक जागी पडली होती.

नळ्यांची मात्र वाट लागली. नायट्रोग्लिसरीनचा वायू फार तापतो. ली-मेटफर्ड या ब्रिटिश रायफलच्या नळीतल्या उथळ, गोलसर खाचा काळ्या दारूला साजेशा होत्या. कॉर्डाइटने त्या भराभर झिजल्या, म्हणून १८९५ मध्ये खोल, चौकोनी खाचांची एन्फील्ड नळी आली. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटन बोअर लोकांशी लढलं, त्या बोअर युद्धात मोठ्या तोफांनीही हीच तक्रार मांडली. मग १९०१ मध्ये नायट्रोग्लिसरीन ३० भागांवर आणलं, गनकॉटन ६५ केलं. ज्वाला थोडी थंड झाली, नळ्यांचं आयुष्य वाढलं.

त्याच युद्धात, १५ डिसेंबर १८९९ रोजी कोलेन्सोला, ब्रिटिश सैन्य नदीकडे चालून गेलं. पलीकडे खंदकात बोअर बसले होते, हातात बिनधुराच्या दारूच्या माउझर रायफली. गोळ्या येत होत्या, पण कुठून ते दिसत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी धुराने जागा दाखवली असती.

(दृश्य : फ्रान्सचं तुलॉन बंदर. समुद्रातून वर आलेले वाकलेले पोलादी पत्रे.)

आता मूळ दुखणं. काळी दारू कोरडी ठेवली तर शंभर वर्षं तशीच राहते. ही नवी दारू मात्र तयार झाल्या दिवसापासून नासायला लागते. थंडीत सावकाश, उन्हाळ्यात भराभर.

१२ मार्च १९०७. तुलॉनच्या गोदीत उभी असलेली फ्रेंच युद्धनौका ‘इएना’ आपल्याच कोठारातल्या पूद्र बीने उडाली. सुमारे १२० माणसं गेली. २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ उडाली. या वेळी मृतांचा आकडा तीनशेच्या घरात. शत्रू आसपास कुठेच नव्हता. फ्रान्स दारू टिकवायला अमाइल अल्कोहोल वापरत होता, आणि ते उडून जाणारं होतं. जुनी दारू पुन्हा विद्रावकात मळून नव्यासारखी करण्याची पद्धतही तिथे होती. तिने दारूचं दिसणं सुधारत असे, वय तेवढंच राहत असे. शेवटी डायफिनाइलअमाइन स्वीकारलं गेलं. ते उडून जात नाही. सुटलेले ऑक्साइड धरून ठेवतं आणि स्वतः खर्च होत जातं.

मग कोठारातली दारू चांगली की नासकी, हे ओळखायचं कसं? एबल यांची उष्णता चाचणी अशी होती : नमुन्याचा चिमूटभर चुरा परीक्षानळीत, नळी ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात. वर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेल्या कागदाची पट्टी, अर्धी ओली, अर्धी कोरडी. ऑक्साइड सुटले की ओल्या-कोरड्याच्या सीमेवर तपकिरी रेघ उमटते. ती किती मिनिटांत उमटली, ते घड्याळावर पाहायचं. लवकर आली तर साठा बाद.

या चाचणीलाही एक पळवाट होती. गनकॉटनला बुरशी लागू नये म्हणून कुठे कुठे पाऱ्याचा क्षार घालत. पारा वाफेबरोबर वर येऊन रेघच उमटू देत नसे. नासलेली दारू पास व्हायची. म्हणून दुसरी चाचणी आली. चांदीचा मुलामा दिलेल्या, थर्मासच्या जातीच्या भांड्यात दारू ८० अंश सेल्सियसला ठेवायची, आणि ती आपल्या आपण दोन अंशांनी तापायला किती तास घेते ते मोजायचं. पारा रेघ लपवू शकतो, ताप लपवू शकत नाही.

(दृश्य : निलगिरी. चहाच्या मळ्यांमागे कौलारू इमारती.)

भारतात कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला तो निलगिरीत कुन्नूरजवळ, अरुवंकाडूला. काम सुरू झालं १९०४ च्या सुमारास. उंचीवरची थंड हवा ही या धंद्यातली मोठी सोय. पण तिथून निघालेलं कॉर्डाइट मैदानी छावण्यांच्या उन्हाळ्यात पडून राहायचं, आणि त्यावर सतत नजर हवी होती. १९०८ मध्ये नैनितालला रासायनिक परीक्षकाची संस्था सुरू झाली. तिचाच पुढचा वारसा १९६० मध्ये पुण्यात आला. पाषाणजवळची हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी ती हीच.

(दृश्य : प्रयोगशाळा. नमुन्यांच्या बाटल्यांवर वर्षं लिहिलेली लेबलं.)

आजही साठ्यातली दारू वर्षावर्षाने तपासली जाते. नमुना काढतात आणि आत डायफिनाइलअमाइन किती उरलं आहे ते मोजतात. आकडा ठरल्या पातळीखाली गेला, की तो गठ्ठा कोठारातून बाहेर काढून जाळून टाकतात.