शेवटचे दोन रकाने
(दर्यापूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दर्यापुरात दर्या नावापुरताच. पण आपण खारपाणपट्ट्यातले लोक, खाऱ्या पाण्याचं आपल्याला काय अप्रूप! जहाजावर जाऊ पाहणारे पोट्टे इथूनही निघतात, म्हणून त्यांच्या प्रशिक्षणाच्या तपासणीचा हा विषय.

समुद्रावरच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे एसटीसीडब्ल्यू. मूळचा १९७८चा, १९९५ला जवळजवळ नव्यानं लिहिला, २०१०ला मनिलात पुन्हा दुरुस्त झाला. त्यात तक्ते आहेत, चार रकान्यांचे. काय करता यायला हवं, त्यासाठी काय माहीत हवं, ते करून कसं दाखवायचं आणि नीट केलं हे कशावरून ठरवायचं. माझं तुणतुणं एकच: आपली तपासणी दुसऱ्या रकान्यापाशी दमते.

रकान्यांचं दुखणं तुम्हाला सांगायला नको. वावरात कपाशी, सातबाऱ्यावर सोयाबीन, कारण पीकपेरा चावडीत बसून लिहिलेला. आता ई-पीक पाहणीत वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो. (रेंज नसते, हे खरं. हसू नका, माझ्याही धुऱ्यावर नसते.)

एका संस्थेत तपासणीला गेलो होतो. नाव विचारू नका. चहा उत्तम, फायली त्याहून उत्तम. पाण्यात उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, सरळ करण्याचा सराव, प्रत्येक पोराच्या नावापुढे ‘समाधानकारक’. म्हटलं, एकाला करून दाखवू द्या. प्राचार्य म्हणाले, आज पंप बंद आहे. तलावावर गेलो तर पाणी हिरवंगार, बेडकं मात्र उत्तम पोहत होती. बरं, राफ्ट तरी दाखवा. किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर लग्नाला. शेवटी कुलूप तोडलं. राफ्ट कारखान्यातून आला तसाच, पट्ट्याही सुटलेल्या नव्हत्या! आणि सरावावर ज्या प्रशिक्षकाची सही, तो बाप्पा त्या महिन्यांत स्वतःच जहाजावर होता. निघताना एक पोट्टा बाजूला येऊन म्हणाला, “सर, मला पोहता येत नाही.” बापानं फीसाठी वावर गहाण टाकलेलं. दाखल्यावर तो पोहून मोकळा झाला होता.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मुद्दा राहिलाच, भराभर सांगतो.

कराराचा नियम १/८ म्हणतो, प्रशिक्षणावर गुणवत्तेची व्यवस्था हवी आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी स्वतंत्र मूल्यमापन, तेही त्या कामात नसलेल्या जाणकारांकडून. आपल्याकडे मान्यता देतं मुंबईचं नौवहन महासंचालनालय. ढिलाई महाग पडते: युरोपनं २००६पासून फिलिपिन्सच्या प्रशिक्षणातल्या उणिवा काढल्या, त्यांच्या खलाशांच्या प्रमाणपत्रांची मान्यता कायम राहील हे ठरायला मार्च २०२३ उजाडला.

म्हणून माझी सूचना: तपासणीचा पहिला दिवस तलावावर. हजेरीपटावर बोट ठेवून कोणतीही चार पोरं काढा, उंचावरून उडी मारायला लावा, राफ्ट सरळ करायला लावा, चौथ्या रकान्यावरून ठरवा. फायली दुसऱ्या दिवशी. यानं खर्च वाढेल म्हणतात, वाढू द्या.

पालकांना दोनच गोष्टी. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स सहा महिन्यांचा असतो. संस्था महासंचालनालयाच्या यादीत आहे का ते बघा, एजंटाच्या वहीत नव्हे. आणि पोराचे डोळे आधी तपासा. रंगांधळेपणा निघाला तर डेकवर घेत नाहीत, आणि ते नेमकं फी भरल्यावर कळतं. बाकीचे प्रश्न बाहेर चहाला.